आपल्यानंतर कोण?



गेल्या पावसाळ्यात आम्ही काही कामानिमित्त तीन दिवस नाशिकला गेलो होतो. त्याच वेळी आपल्या एका वाडीतील आजी प्रभूघरी गेल्या. नातेवाईक जमले, कबर खोदून झाली, पण प्रार्थना कोणी चालवायची यावर सगळे अडले. शेजारच्या धर्मग्रामातून फादर येईपर्यंत दिवस मावळला. मिस्साबलिदान अर्पण करायला धर्मगुरूच लागतो. परंतु धर्मगुरू नसताना दफनाच्या वेळची प्रार्थना प्रापंचिक माणूसही चालवू शकतो. तरी कोणी पुढे झाले नाही. परत आल्यावर आम्ही थोड्या रागानेच विचारले, "एवढी जाणती माणसे असताना एकालाही का जमले नाही?" तेव्हा एक वयस्कर बाई हळूच म्हणाल्या, "फादर, तुम्ही आम्हाला कधी म्हणायला लावलीच नाही."

आम्ही निरुत्तर झालो. माइक आमच्या हातात, चाव्या आमच्या खिशात, प्रत्येक वाडीच्या प्रार्थनेत शब्द आमचे. कोणाला त्रास नको म्हणून सारे आपणच करायचे, आणि यालाच आम्ही सेवा समजत होतो. त्या दिवसापासून एक प्रश्न आमची पाठ सोडत नाही. ज्याच्यावाचून पान हलत नाही, असा सेवक खरोखर सेवक राहतो का? की नकळत तो धनी होऊन बसतो?

शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले, हे आपण दरवर्षी पवित्र गुरुवारी पाहतो. पण प्रभू तेथे थांबला नाही. तुम्हीही एकमेकांचे पाय धुवा, अशी आज्ञा त्याने दिली. ही आज्ञा नसती, तर शिष्य जन्मभर पाय पुढे करून बसले असते. जी सेवा दुसऱ्याला सेवक बनवत नाही, ती अर्धीच राहते.

संत थॉमस अक्वायनस यांनी या विषयाच्या मुळाशी हात घातला आहे. ईश्वर सर्वसमर्थ आहे, तो सारे एकट्याने करू शकतो. मग तो आपल्या निर्मितीकडून कामे का करवून घेतो? संत थॉमस म्हणतात की त्याचे बळ अपुरे पडते म्हणून नव्हे, तर त्याचे चांगुलपण ओसंडून वाहते म्हणून. काही घडवून आणण्याचा मान तो आपल्यालाही देतो. पाऊस त्याचा, बीजही त्याचेच. पण पेरणी तो आपल्या हाताने करवून घेतो. प्रत्यक्ष ईश्वर जर कामात वाटा देतो, तर सर्व कामे स्वतःकडे ठेवणारे आम्ही कोणाचे अनुकरण करत होतो?

यावर एक रास्त आक्षेप आहे. शिकाऊ माणूस चुकतो आणि त्या चुकीची किंमत तिसराच मोजतो. दुःखात बुडालेल्या कुटुंबापुढे कोणी अडखळत प्रार्थना म्हणावी का? मुलांच्या धर्मशिक्षणाचे प्रयोग करावेत का? हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. प्रेषितांच्या काळीही हाच वाद झाला होता. योहान मार्क पहिल्या प्रवासात अर्ध्यातून परतला होता. पुढच्या प्रवासात त्याला पुन्हा न्यावे असे बर्णबाचे म्हणणे पडले. संत पौल तयार होईना. दोघांत कडाक्याचा वाद होऊन ते वेगळे झाले. कोण बरोबर होता, हे शास्त्रलेख सांगत नाही. एवढेच दिसते की बर्णबाने मार्कला सोबत नेले आणि पुढे तुरुंगात असलेल्या पौलाने त्याच मार्कला बोलावणे पाठवले, कारण तो सेवेसाठी उपयोगी होता. पौलाची शिस्त चुकीची नव्हती. पण बर्णबाचा धीर नसता, तर पौलाला हा मार्क मिळाला नसता. आणि खुद्द पौलाचे तरी काय? सारे शिष्य ज्याला भीत होते, त्या शौलाला प्रेषितांपुढे बर्णबानेच उभे केले, आणि पुढे तार्ससला जाऊन त्याला शोधून आणले. प्रेषितांची कृत्ये वाचताना दिसते की आधी बर्णबाचे नाव पहिले येते, मग हळूहळू पौलाचे पुढे येते. बर्णबाने कुरकूर केल्याचा उल्लेख कोठेही नाही.

मग चुका आणि विश्वास यांचा मेळ कसा घालायचा? याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. फादर हरमन बाखर हे स्विस येशूसंघीय धर्मगुरू १९४८ साली भारतात आले आणि त्यांनी आपल्या या दुष्काळी भागाला वाहून घेतले. पुढे त्यांच्या प्रेरणेने इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम उभा राहिला आणि १९९३ साली फादर क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी 'वॉटर' ही संस्था स्थापन केली. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीसारख्या उजाड गावांनी त्यातून आपल्या टेकड्या हिरव्या केल्या. तेथील पद्धत ध्यानात घेण्याजोगी आहे. आधी गावाने श्रमदान करून आपली तयारी दाखवायची. ग्रामसभेने एकमताने आपली पाणलोट समिती निवडायची. मग पाणलोटाचा एक लहान तुकडा गावाने स्वतः करून पाहायचा. जाणकार शेजारी उभे, पण समतल चर खोदणार गावकरी आणि हिशेब ठेवणारेही गावकरीच. ते जमले, की पुढचे मोठे काम. लहान तुकड्यात झालेली चूक दुरुस्त करता येत होती आणि त्या चुकीतूनच समिती शहाणी होत होती. फादर बाखर २०२१ साली स्वित्झर्लंडमध्ये प्रभूघरी गेले. बांध घालणारे हात मात्र गावातच आहेत.

आपल्या श्रद्धेचा इतिहासही असाच आहे. १८७० च्या दशकाच्या अखेरीस राहुरीजवळ केंदळ येथे येशूसंघीयांचे मिशनकार्य सुरू झाले. फादर थोडे, गावे अनेक. अशा वेळी गावोगावच्या मास्तरांनी दिवसा मुलांना अक्षरे शिकवली आणि संध्याकाळी प्रार्थना घेतली. आपल्यापैकी कित्येकांच्या आजोबांना क्रुसाची खूण अशाच एखाद्या मास्तरांनी शिकवली असेल. १० मे २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षकाच्या कार्याला ख्रिस्तसभेची अधिकृत सेवा म्हणून स्थान दिले. आपल्या या मास्तरांचाच तो मान आहे, असे आम्ही समजतो. परंतु ती पिढी आता थकली आहे आणि तिच्या मागे कोण उभे आहे, हे पाहायला आम्ही वळलोच नाही.

हा प्रश्न केवळ धर्मगुरूचा नाही. गायनमंडळ, पॅरिश कौन्सिल, युवक मंडळ, सणाची वर्गणी, प्रत्येक ठिकाणी कोणीतरी वर्षानुवर्षे इमाने काम करत आहे. त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे. त्यांनीही स्वतःला विचारावे: माझ्या हाताखाली कोण तयार झाले? तयार करायचे म्हणजे आपल्या भावकीतला किंवा मान डोलावणारा माणूस पुढे आणायचा नव्हे. पायरीवर मागे उभे राहणारे तरुण, पुण्याला कंपनीत कामाला जाऊन सणाला परतणारी मुले, यांच्याकडे कोणी पाहिले आहे का? वाडीवस्तीवर प्रार्थना जिवंत ठेवतात त्या आपल्या बायाबापड्या. निर्णय घ्यायला बसताना त्यांना जागा असते का?

म्हणून येत्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपासून एक वर्ष एवढेच करू या. ज्याच्याकडे धर्मग्रामाची काही जबाबदारी आहे, त्याने एका माणसाला सोबत घ्यावे. काही महिने त्याने पाहावे, काही महिने दोघांनी मिळून करावे, मग त्याने करावे आणि आपण मागच्या बाकावर बसावे. सोबत्याचे नाव मिस्सानंतर आमच्याकडे द्यावे. आमच्याकडून सुरुवात झाली आहे.

ऑक्टोबरमध्ये त्याच वाडीत जपमाळेची प्रार्थना होती. आम्ही त्याच वयस्कर बाईंना पुढे बसवले. मध्येच त्या एक रहस्य विसरल्या. आमचे ओठ उघडले होते, पण आम्ही ते मिटले. शेजारच्या मुलीने त्यांना हळूच आठवण करून दिली आणि प्रार्थना पुढे सुरू झाली. आज ना उद्या आमची बदली होईल. त्या मुलीचे नाव आम्ही वहीत लिहून ठेवले आहे.

आपला ख्रिस्तसेवक,
प्रमुख धर्मगुरू