तक्रारीचा अधिकार

हिवाळी सुटीत नागपूरहून मोटारीने कान्हाला निघालेल्या कुटुंबास सिवनीच्या पुढे अवकाळी पावसाने गाठावे, यात नवल नाही. पश्चिमेकडील थंड प्रवाह आणि बंगालच्या उपसागरावरील दमट वारे यांची मध्य भारतावर गाठ पडली की मावठ येते. मग अरण्यातील वाटा निसरड्या होतात, फेरी अर्ध्यावर आटोपते, वाघ दिसत नाही, आणि मागच्या आसनावरून प्रश्न येतो, “आपण पैसे भरले होते ना?”

प्रश्न मुलांचा असला तरी न्यायाचा आहे. पैसे भरल्याने नेमके काय आपले झाले? वाहन, वाटाड्या आणि प्रवेश, एवढेच. वाघ आपल्याला कोणी विकला नव्हता, आणि निरभ्र आकाशही नाही.

शिवाय या अरण्याची खरी किंमत कोणी मोजली? कान्हा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. १९७० च्या गणनेत तेथे अवघे ६६ बारशिंगे उरले होते. वन्य प्राण्यांसाठी कुरणे मोकळी व्हावीत म्हणून पुढे बैगा व गोंड कुटुंबांच्या वस्त्या उठविण्यात आल्या. त्यांची घरे गेली. आपली एक सकाळ गेली.

निराश होणे हा दोष नव्हे. परंतु निराशेला अन्यायाचे नाव देऊन वाहनचालकास चिखलात पुढे रेटणे, हा मात्र दुसऱ्यावर केलेला अन्याय होय. हे अरण्य केवळ आपल्या सुटीसाठी राखलेले नाही, एवढे मुलांना सांगता आले, तर तो प्रवास वाया गेला असे कोण म्हणेल?