डासाचं वय

हिवताप पसरवायला डासाच्या मादीला म्हातारं व्हावं लागतं. रुग्णाचं रक्त प्यायल्यावर परजीवी तिच्या पोटात वाढून लाळेत उतरायला १० ते १४ दिवस लागतात, आणि बहुतेक माद्या त्याआधीच मरतात. डास किती, यापेक्षा किती दिवसांचे, हा प्रश्न मोठा. आपण मोजत आलो ते डास.

२० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात परजीवी सापडला. त्यांचे डास अळीपासून वाढवलेले. कधी, कुणाचं रक्त प्यायले, सगळं ठाऊक. भिंतीवरून पकडलेली मादी यातलं काहीच सांगत नाही.

जुनी रीत म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली तिचं अंडाशय काढून पाहणं. त्यावरच्या बारीक श्वासनळ्यांची टोकं गुंडाळलेली असली तर अंडी अजून घातलेली नाहीत. उलगडलेली असली तर घातली आहेत. सुई घसरली तर तेवढंही हुकतं.

टांझानियातल्या इफाकारा संस्थेत डासावर अवरक्त प्रकाश टाकतात. कवचातलं कायटिन, प्रथिनं, मेण वयानुसार बदलतं आणि प्रत्येक द्रव्य आपापल्या लहरी शोषतं. पोटातलं रक्त माणसाचं की गाईचं, याचाही माग लागतो. आता हातात मावणारी यंत्रंही आहेत: एका डासाला काही सेकंद, रसायन नाही. सात दिवसांच्या आतली की पलीकडची, हे २००९ सालच्या प्रयोगांत दहापैकी सुमारे आठ वेळा बरोबर आलं.

यंत्राला वय दिसत नाही, प्रकाशाची रेघ दिसते. रेघेवरून वय ओळखायला त्याला शिकवावं लागतं, जन्मदिवस माहीत असलेल्या डासांवर. साखरपाण्यावर वाढलेल्या डासांवर शिकलेलं यंत्र भातखाचरातल्या डासापुढे गडबडतं.

तरी ते हवंच. औषध लावलेली मच्छरदाणी सगळे डास मारत नाही; त्यांचं आयुष्य तोडते. गावात डास तेवढेच दिसले, पण दहा दिवस कुणी ओलांडत नसेल, तर मच्छरदाणी काम करते आहे. नुसत्या मोजणीत तीच निकामी ठरते.

गडचिरोलीत हे व्हावं असं मला फार वाटतं. तिथे हिवताप आणणारे डास क्युलिसिफेसीस आणि फ्लुव्हिएटिलिस या जातींचे. आफ्रिकेतल्या गॅम्बियी जातीवर शिकलेलं यंत्र इथे पुन्हा पहिलीत बसवावं लागेल. शिवाय क्युलिसिफेसीसची ओढ गुरांकडे. गोठ्यातून उठून ती घरात कितीदा येते, हे तिच्या वयाइतकंच कळायला हवं.