वही आणि चिठ्ठी

आमच्या घरी देवघराशेजारच्या फळीवर फवारणीची वही असते. निफाड तालुक्यात निर्यातीची द्राक्षे पिकवणाऱ्या घरांत ती कुठे ना कुठे सापडतेच. ऑक्टोबर छाटणी झाली की वही फळीवरून खाली येते आणि माल उतरेपर्यंत परत वर जात नाही. तारीख, प्लॉट, रोग किंवा कीड, औषधाचे नाव, त्यातला घटक, प्रमाण, पाणी किती, काढणीआधी किती दिवस थांबायचे आणि सही. वहिनी दिवसभर थिनिंगच्या बायकांबरोबर मांडवाखाली उभी असते. रात्री जेवणे आटोपली की ती मोबाइलच्या उजेडात बाटलीवरचे बारीक अक्षर वाचते आणि वहीत उतरवते. गेल्या डिसेंबरात मी गावी गेलो होतो, तेव्हा तिने बाटली माझ्या हातात दिली. “भाऊजी, जरा बघा बरं, हे मेटालॅक्झिल आहे का मेटिराम? चुकीचं लिहिलं तर उद्या आपल्यालाच विचारतील.”

दोन्ही औषधे द्राक्षावरच्या डाऊनी रोगाची. नाव चुकले म्हणून द्राक्षाला काही होणार नव्हते. पण कागदावरची नोंद आणि प्रयोगशाळेचा अहवाल जुळला नाही, तर प्रश्न बागेला विचारला जात नाही, वही लिहिणाऱ्याला विचारला जातो. हे वहिनीला पक्के ठाऊक आहे. ती बारावीपर्यंत शिकलेली, अक्षर सुरेख. त्या रात्री तीन फवाऱ्यांच्या नोंदी पुऱ्या करायला तिला सव्वा तास लागला. हा सव्वा तास कोणत्याच हिशेबात येत नाही. तो कोणीतरी धरावा, एवढ्यासाठी हा लेख.

आधी हे सांगतो की मी या वहीच्या विरोधात नाही. ती आली २००३ च्या धक्क्यातून. त्या वर्षी युरोपात पोचलेल्या भारतीय द्राक्षांत मिथोमिल या कीटकनाशकाचा अंश सापडला आणि तिकडून धोक्याचा इशारा निघाला. तोवर दुकानदार जे देईल ते औषध आणि शेजारी जेवढे मारील तेवढा डोस, हीच आमच्याकडची रीत होती. त्यानंतर अपेडाने, म्हणजे शेतमाल निर्यातीच्या केंद्रीय प्राधिकरणाने, अंश तपासणीची योजना आखली आणि २००६ मध्ये ग्रेपनेट सुरू झाले. निर्यातीचा प्रत्येक प्लॉट कृषी विभागाकडे नोंदवायचा, त्याला क्रमांक मिळणार, काढणीआधी प्रयोगशाळेचा माणूस येऊन त्याच प्लॉटमधून नमुना नेणार. तो पास झाला तरच माल पॅकहाउसला जाणार. मग अ‍ॅगमार्कचे प्रतवारीचे प्रमाणपत्र, मग फायटो म्हणजे रोग-कीड नसल्याचे प्रमाणपत्र, मग कंटेनर. रॉटरडॅमला उघडलेली पेटी कोणत्या गावातल्या कोणत्या बागेची, हे कागद मागे मागे नेत गेले की कळते. दोन-तीन एकरांच्या हजारो बागांना अशा एका धाग्यात ओवणे हे मोठे काम होते. ते आपल्या अधिकाऱ्यांनी, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी आणि बागायतदारांनी मिळून केले. त्याचा मला अभिमान आहे. दादाला औषधाच्या डब्यावरचे थांबण्याचे दिवस मोजायला या वहीने शिकवले. आमच्या घरातल्या पोरांच्या तोंडीही त्यामुळे अधिक सुरक्षित घड गेला.

पण २०१० आले.

त्या हंगामात जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये आमच्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडले. शेतकरी त्याला सीसीसी किंवा लिहोसिन म्हणतात. हे कीटकनाशक नव्हे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वाढ आवरून काडीत घड धरावा म्हणून ते वर्षानुवर्षे वापरात होते. घड दिसायच्या कितीतरी महिने आधी मारलेले ते संजीवक वेलीत राहिले आणि मण्यात उतरले. युरोपातली मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. आणि आपल्याकडे नमुन्यात जी रसायने तपासायची त्यांच्या यादीत हे नावच नव्हते.

म्हणजे शेतकऱ्याने प्लॉट नोंदवला, वही लिहिली, नमुना दिला, पासचा अहवाल हातात घेतला. त्याच्याकडून मागितलेला प्रत्येक कागद त्याने दिला आणि तो कागद खरा होता. तरीही माल परदेशी बंदरात अडकला आणि नुकसान साखळीतून घसरत खाली बांधापर्यंत आले. अनेकांचे पैसे बुडाले. पुढच्या हंगामात यादीत सीसीसीचे नाव चढले, तपासणी कडक झाली, ते योग्यच झाले. पण अपुरी यादी ही यादी करणाऱ्यांची चूक होती आणि तिची किंमत यादी पाळणाऱ्याने मोजली. हे मला तेव्हाही पटले नाही, आजही पटत नाही. शेतकरी चुकला तर कागद त्याला धरतो. व्यवस्था चुकली तर त्याच कागदाने त्याच्या पाठीशी उभे राहायला नको का?

हा प्रश्न घेऊन मी जरा लांब, अमेरिकेत जातो, कारण कागदाचे ओझे कोणावर आणि किती, यावर तिकडे विचार झालेला आहे. १९३७ साली आपल्याकडे शेतमालाच्या प्रतवारीचा कायदा झाला, ज्यातून अ‍ॅगमार्क आले. त्याच साली अमेरिकेत शेतमाल पणन कराराचा कायदा झाला. त्या कायद्याखाली एखाद्या पिकाचे शेतकरी मतदान करून आपल्या पिकासाठी पणन आदेश मागू शकतात. प्रत काय, आकार काय, काही पिकांत बाजारात माल किती सोडायचा, हे शेतकरी-व्यापाऱ्यांची समिती सुचवते आणि केंद्र सरकारच्या शिक्क्याने ते त्या पिकाच्या सर्व व्यापाऱ्यांना बंधनकारक होते.  माल किती आला, किती गेला याचे अहवाल भरण्याचा मुख्य बोजा माल हाताळणाऱ्या व्यापाऱ्यावर असतो. उत्पादकाच्या वाट्याला मतपत्रिका आणि समितीवरच्या नेमणुकीचे अर्ज येतात. आमच्या वहिनीच्या सव्वा तासासमोर हा फरक ठेवून पाहावा.

पुढचे मला जास्त महत्त्वाचे वाटते. तिथे १९८० चा एक कायदा आहे, १९९५ मध्ये नव्याने मांडलेला. नागरिकांकडून माहिती मागणारा फॉर्म काढण्याआधी केंद्राच्या खात्याने सांगायचे की हा फॉर्म किती जण भरतील, प्रत्येकाला किती मिनिटे लागतील, वर्षाचे एकूण तास किती. हे राजपत्रात छापायचे आणि लोकांच्या हरकतींसाठी साठ दिवस थांबायचे. मग राष्ट्राध्यक्षांच्या अखत्यारीतल्या अर्थसंकल्प कार्यालयाची मंजुरी घ्यायची. ती फार तर तीन वर्षांची. मुदत संपली की गरज पुन्हा सिद्ध करायची. फॉर्मवर मंजुरीचा चालू क्रमांक नसेल, तर तो भरला नाही म्हणून कोणाला दंड करता येत नाही. पणन आदेशांचे फॉर्मही याच चाळणीतून जातात. कोणा शेतकऱ्याची मतपत्रिका भरायला लागणारी मिनिटेसुद्धा सरकार मोजते आणि छापते.

मिनिटे मोजली म्हणजे न्याय झाला, असे मात्र नाही. कॅलिफोर्नियातल्या बेदाण्यांचा पणन आदेश १९४९ चा. त्यात भाव टिकवण्यासाठी पिकाचा काही भाग राखीव म्हणून समितीच्या हवाली करावा लागे. २००२-०३ च्या हंगामात हा भाग होता ४७ टक्के, पुढच्या हंगामात ३०. त्या ३० टक्क्यांचे उत्पादकांना काहीच मिळाले नाही. मार्व्हिन हॉर्न या शेतकऱ्याने राखीव माल द्यायला नकार दिला. सकाळी आठला सरकारी ट्रक दारात आले, ते त्याने आत येऊ दिले नाहीत. सरकारने मालाची सुमारे ४ लाख ८० हजार डॉलर किंमत आणि वर २ लाखांहून जास्त दंड लावला. २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बेदाणे ही शेतकऱ्याची मालमत्ता आहे, मोबदल्याशिवाय ती नेता येणार नाही. तासगावच्या शेडमध्ये बेदाणा सुकवणाऱ्याला हा निकाल कोणी मराठीत समजावून सांगितला, तर त्याचा अर्थ त्याला वकिलाइतकाच चांगला कळेल. मोजमाप हवेच, पण कागद काय मागतो हेही तितक्याच कठोरपणे पाहिले पाहिजे.

आपल्याकडचे मोठे दुखणे आणखी वेगळे आहे. जिथे शेतकऱ्याला कागदाची खरी गरज आहे, नेमके तिथेच तो नाही. युरोपला न जाणारी द्राक्षे बांधावर विकली जातात. व्यापारी येतो, मण्याची साखर बघतो, दर ठरतो, क्रेट भरतात, गाडी जाते. बाजार समितीच्या आवारात निदान हिशेबपट्टी मिळते. २०१६ मध्ये फळे-भाजीपाला समित्यांच्या नियमनातून मोकळा झाला. शेतकऱ्याला कुठेही विकण्याची मोकळीक हवीच होती, तिचे मी तेव्हा स्वागत केले होते. पण बांधावर पावती कोण देणार, अनामत कोण ठेवणार, याची व्यवस्था तिच्याबरोबर आली नाही. माल घेऊन व्यापारी पसार झाल्याच्या तक्रारी नाशिक जिल्ह्यात हंगामामागून हंगाम होत राहिल्या. २०२० मध्ये शेतकऱ्यांचे असे बुडालेले पैसे वसूल करायला नाशिक परिक्षेत्राच्या पोलिसांना मोहीम काढावी लागली. ज्या जिल्ह्यातल्या पेटीचा माग युरोपपर्यंत लागतो, तिथे गावातून गेलेल्या गाडीचा माग काढायला पोलीस लागले.

आमच्या घरातही अशी एक चिठ्ठी आहे. खिशातल्या डायरीचे फाडलेले पान. वर क्रेटची संख्या, खाली वजन, दर, एक न वाचता येणारी सही आणि बंद पडलेला मोबाइल नंबर. त्या वर्षीचा निम्मा माल त्या पानावर गेला. दादा पोलीस ठाण्यात गेला, तेव्हा त्याला विचारले गेले, व्यवहाराचा पुरावा काय? त्याच्याकडे त्याच प्लॉटमधल्या एकेका फवाऱ्याचा पुरावा होता, तारखेसकट.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. शेतकऱ्याकडून माहिती मागणाऱ्या प्रत्येक फॉर्मवर तो भरायला लागणारा वेळ आणि त्याची मुदत छापली जावी. सातबारा सरकारच्याच संगणकावर आहे, तर त्याची प्रत शेतकऱ्याने पुन्हा पुन्हा का जोडायची? ठरलेली यादी तंतोतंत पाळूनही माल बाद झाला, तर नुकसानीत यादी करणाऱ्याचा वाटा असावा. आणि बांधावर माल घेणाऱ्याची नोंदणी, अनामत आणि पावती प्लॉटच्या नोंदणीइतकीच सक्तीची व्हावी. ग्रेपनेट उभे करणाऱ्यांना हे अवघड नाही. सीसीसी सापडल्यावर वर्षभरात यादी बदलता आली, ती बदलायची ठरवली म्हणून.

चिठ्ठी वहिनीने त्याच वहीत, शेवटच्या पानाला पिन मारून ठेवली आहे. या फेब्रुवारीत मागच्या प्लॉटचा माल बांधावर द्यायचा ठरला. तेव्हा तिने वहीच्या कोऱ्या पानावर पट्टीने रकाने आखले. गाडीचा नंबर, क्रेट, वजन, दर, पैसे देण्याची तारीख, आधार क्रमांक, नाव, सही. व्यापारी म्हणाला, “एवढं काय करायचंय ताई, विश्वासावर चालतं सगळं.” ती काही बोलली नाही, पेनाचे टोपण काढून पेन त्याच्यापुढे धरले. त्याने बाजूला जाऊन कोणाला तरी फोन केला. गाडी अर्धी भरली होती, मजूर थांबले होते. मग तो परत आला, बॉनेटवर वही ठेवली आणि एकेक रकाना भरू लागला.