दामदुपटीची आडवी रेघ

जे कर्ज फिटूच शकत नाही, ते फेडण्याचं वचन माणसाला बांधून ठेवतं का? प्रश्न नीतीचा आहे, पण आलेखाच्या कागदावर तो अधिक स्पष्ट दिसतो. समजा, शेकडा २४ दराच्या चक्रवाढीनं १०० रुपये उचलले आणि फेडीसाठी वर्षाला ६० रुपये बाजूला टाकले. शिल्लक सरळ रेषेत चढते, कर्ज वक्ररेषेत. चौथ्या वर्षअखेर शिल्लक २४० आणि कर्ज सुमारे २३६. रेषेनं वक्राला गाठलेलं असतं. सहाव्या वर्षअखेर शिल्लक ३६०, तर कर्ज ३६३च्या वर. म्हणजे छेदनबिंदू दोन, आणि त्यांच्यामध्ये सुटकेची जेमतेम दोन वर्षांची फट. वर्षाला ५० रुपयेच साठले तर दोन्ही रेषा एकमेकींना कधीच भेटत नाहीत.

इथे धर्मशास्त्रातला दामदुपटीचा नियम येतो. एका वेळी वसूल होणारं व्याज मुदलाहून जास्त असू नये, असं मनुस्मृती सांगते. कागदावर हा नियम २००वर आडवी रेघ ओढतो, आणि आडव्या रेघेला कितीही मंद चढणारी रेषा कधी ना कधी गाठतेच: ५० साठवणारा चार वर्षांत, २० साठवणारा दहा वर्षांत. याला दया म्हणण्याचा प्रघात आहे. मला त्यात वचन पाळता येण्याची हमी दिसते. पाळण्याजोगा बिंदूच नसेल तर वचनाला अर्थ काय उरतो? हीच स्मृती वर्णानुसार व्याजाचा दर चढवते, ब्राह्मणाला दरमहा शेकडा दोन तर शूद्राला पाच, असा आक्षेप कुणी घेईल. तो रास्तच आहे. त्या दरांचं समर्थन होऊच शकत नाही. पण रेघेचं गणित ती ओढणाऱ्याच्या हेतूवर चालत नाही.

ऋणकोनं राजीखुशीनं अंगठा दिला, मग तक्रार कसली, हा सावकाराचा जुना युक्तिवाद. पण पहिल्या वर्षअखेर सरळव्याज आणि चक्रवाढ दोन्ही १२४च भरतात. वाकण पुढे आहे, आणि संमती मागितली जाते ती सुरुवातीला. दरवर्षी २४हून जास्त हप्ता भरणाऱ्याचं कर्ज फिटतंच, हे खरं; नियमाची गरज त्याला नाही, सलग दुष्काळात काहीच भरता न आलेल्याला आहे. हा प्रश्न नुसत्या आलेखाचा नव्हता: १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं हिसकावून जाळली. त्यानंतर १८७९च्या दख्खन शेतकरी कायद्यानं न्यायालयांना खतावरच्या आकड्यामागे जाऊन मूळ व्यवहाराचा हिशेब उकरण्याची मुभा दिली.