कूर्मदासाची वारी आणि आपले दुखणे

सज्जनहो, पतंजली महर्षींनी योगसूत्रांत साधकाच्या वाटेतील नऊ अंतराय सांगितले आहेत. त्यांत पहिला कोणता? व्याधी. संशय, आळस, भ्रांती हे सारे मागून. पाठशाळेत हे सूत्र मी विशीच्या आत मुखोद्गत केले, पुढे चाळीस वर्षे कीर्तनांतून त्याचे विवरण केले. पण महर्षींनी व्याधीलाच अग्रपूजेचा मान का दिला, हे कळायला मला बासष्टाव्या वर्षी अंथरूण धरावे लागले.

२०१९ च्या मार्गशीर्षातली गोष्ट. सकाळी उठलो तो पायांच्या बोटांना मुंग्या. दुपारपर्यंत त्या गुडघ्यांवर चढल्या. संध्याकाळी छातीभोवती कुणी करकचून पट्टा आवळावा तसे होऊ लागले आणि लघवी अडली. रात्रभर कीर्तनात उभे राहिल्याचा शीण असेल, असे म्हणून घरात तेल चोळीत बसलो. तिसऱ्या दिवशी पाय उचलेनात, तेव्हा मुलाने दवाखान्यात नेले.

डॉक्टरांनी समजावून सांगितले. आपल्या पाठीच्या कण्यात सुमारे हातभर लांबीचा, करंगळीएवढा जाड मज्जारज्जू असतो. मेंदूचा हुकूम पायाला आणि पायाची खबर मेंदूला त्यातूनच जाते. त्या मज्जारज्जूला मध्येच सूज आली. पुष्कळदा असे होते की, रोगाशी लढणारी शरीरातलीच शक्ती घरच्या माणसाला चोर समजून झोडपते. या रोगाला ते ट्रान्सव्हर्स मायलायटिस म्हणतात. पाच दिवस शिरेतून स्टेरॉईड दिले. सूज उतरली. काहींना चांगला गुण येतो, काहींना अर्धामुर्धा, काहींना फारच थोडा. मी मधल्यांत बसलो. काठी घेऊन चालतो, कीर्तन मात्र बसून करतो.

पण महाराज, सूज गेली आणि वेदना राहिली! तळपाय हाताला गार लागतात, पण आतून निखाऱ्यावर ठेवल्यासारखे भाजतात. रात्री धोतराचा सोगा लागला तरी कळ उठते. देवळात कुणी नसताना घंटा आपोआप वाजत राहावी, तसा हा प्रकार. जखम नाही, पण जखमेची वर्दी देणारी तारच बिघडली आहे. वरून काही दिसत नाही. म्हणून पाहुणा म्हणतो, “बुवा, तब्येत तर छान दिसते!”

आता माझ्या चुकीची कबुली देतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका गावी कीर्तनानंतर एक माउली पाया पडायला आली. तिचा तरुण मुलगा अंथरुणाला खिळला होता. मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, “बाई, प्रारब्धभोग आहे, भोगूनच सरेल.” ती खाली मान घालून गेली. मी आजारी पडलो, तेव्हा माझ्याच एका जुन्या टाळकऱ्याने मला तेच वाक्य ऐकवले. शास्त्र तेच, शब्दही माझेच. पण त्या रात्री मला कळले की मी त्या माउलीच्या जखमेवर मीठ चोळले होते. प्रारब्धाचा विचार ज्याचा त्याने आपल्या समाधानासाठी करावा. दुसऱ्याच्या पाठीवर ओढायचा तो आसूड नव्हे. तिच्या मुलाने मागल्या जन्मी काय केले, हे मला ठाऊक होते काय? ठाऊक नसलेल्या खटल्याचा निकाल मी देऊन बसलो!

कुणी म्हणेल, शास्त्रात तितिक्षा सांगितली आहे, प्रतिकार न करता सोसावे. अहो, ती वाट सर्वसंगपरित्याग केलेल्या विरक्तांची. आपण प्रपंची माणसे. भूक लागली की भाकरी खातो, तसे दुखले की औषध घ्यावे. मज्जातंतूंच्या या वेदनेवर नेहमीची दुखण्याची गोळी फारशी चालत नाही, तिची औषधे निराळी असतात. ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम बंद करू नयेत. औषध घेतल्याने निष्ठा कमी होत नाही, बरं का!

मग नामाने काय होते? खोटे सांगणार नाही. नाम घेतले आणि कळ थांबली, असे दर रात्री होत नाही. पुष्कळ रात्री होतच नाही. महिपतीबुवांनी भक्तविजयात वर्णिलेला पैठणचा कूर्मदास आठवा. हात नाहीत, पाय नाहीत, फरफटत पंढरीला निघाला. माढे तालुक्यातल्या लऊळपर्यंत आला आणि देह थकला. पंढरी काही त्याला गाठता आली नाही. पण पांडुरंग वीट सोडून लऊळला आला! मी ही कथा शेकडो वेळा सांगितली, पण एक गोष्ट अंथरुणात ध्यानात आली. देवाने कूर्मदासाला हातपाय दिल्याचे मी गुरुमुखातून कधी ऐकले नाही. त्याने त्याला आपली भेट दिली. पहाटे तीन वाजता पाय जळत असता मी आता “हे केव्हा थांबेल?” असे विचारीत नाही. “आहेस ना?” एवढेच विचारतो आणि हरिपाठाला लागतो. वेदना असते, पण मी एकटा नसतो.

वारकरी बंधुभगिनींनो, शेवटी तीन विनंत्या. वाटेत कुणाचे पाय बधिर होऊन वर चढू लागले, लघवी अडली, तर तो चालण्याचा शीण समजू नका. त्याच दिवशी इस्पितळ गाठा. मी दोन दिवस तेलात घालवले. ज्यांच्या पायांची जाणीव गेली आहे त्यांनी तापल्या रस्त्यावर अनवाणी चालू नये आणि रोज रात्री तळवे दिव्याजवळ धरून पाहावे, कारण फोड आला तरी कळत नाही. आणि दिंडीत एखादा बसून राहिला, तर त्याच्या पापपुण्याचा हिशेब करू नका. त्याच्याजवळ घटकाभर बसा. त्याचे लऊळ तिथेच आहे. देव तिथे येतो, तेव्हा आपण का जाऊ नये?

राम कृष्ण हरि!