देशभेद आणि वाणी

देश पालटला की समाजाची भाषा, वेष, अन्न व आप्तव्यवहार पालटतात. मग धर्माचे काय पालटावे? हा प्रश्न महानुभाव पंथापुढे पंजाबात प्रत्यक्ष उभा राहिला. तेथे ‘जयकृष्णी’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मार्गाच्या अनेक अनुयायांना १९४७ च्या फाळणीने घरदार सोडून यावे लागले. घरची बोली पंजाबी, परंतु त्यांच्यातील साधूंनी अध्ययन केले ते मराठी सूत्रपाठाचे व लीळाचरित्राचे.

याला कोणी आचार्यनिष्ठा म्हणेल. पण श्रीनागदेवाचार्यांनी केशिराजबासांना संस्कृत रचनेपासून परावृत्त केले ते कशासाठी? मार्गातील म्हाताऱ्या ज्ञानाला वंचित होऊ नयेत म्हणून. महाराष्ट्रातील म्हातारीला जसे संस्कृत, तशीच अमृतसरच्या म्हातारीला मराठी. तेव्हा केवळ मराठीचा आग्रह धरला, तर आचार्यांचा शब्द राहील आणि हेतू जाईल.

उलटपक्षी सूत्रे ही सर्वज्ञांची श्रीमुखवचने. ती पालटण्याचा अधिकार कोणालाच नाही. म्हणून पाठ मराठीत व निरूपण श्रोत्याच्या बोलीत, हाच मार्ग युक्त दिसतो. गुर्जर देशातून आलेल्या स्वामींनी तरी येथील जनांशी येथल्याच वाणीत भाषण केले ना!

यात भार पडतो तो उपदेशकावर. त्याला दोन्ही भाषा आल्या पाहिजेत. आणि हे पंजाबापुरतेच नाही. सातशे वर्षांमागील त्या मराठीचा अर्थ आज ऋद्धिपूरच्या वासनिक बाईलाही कोणीतरी उलगडून सांगावा लागतो.