कळवतो

माणूस कलिंगड वाजवून घेतो. आंबा हुंगून घेतो, भेंडीचं टोक मोडून घेतो, आणि पेन घ्यायला गेला तर दुकानदाराच्या कागदावर चारदा सही करून मगच खिशात हात घालतो. तोच माणूस फ्लॅट घेतो नकाशावर, नोकरी धरतो जाहिरातीवर आणि लग्न करतो एका बशीभर पोह्यांवर. तात्पर्य, वस्तू किरकोळ असली की पारख कसून, आणि जन्माची गाठ असली की डोळे मिटून! हे मला फार दिवसांपासून ठाऊक होतं. त्याचा हिशेब कुणी घरातच मागेल, असं मात्र वाटलं नव्हतं.

निमित्त झालं आमच्या पुतणीचं. केतकी इथेच सांगलीत इंजिनिअरिंगला आहे आणि कॉलेजच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवते. बेस म्हणजे काय, हे तिनं मला तीनदा समजावून सांगितलं. साध्या गिटारला सहा तारा, हिला चार, पण जाड. आवाज इतका खालचा, की तो कानापेक्षा पोटाला जास्त ऐकू येतो. ती वाजत असते तोवर कुणाचं तिच्याकडे लक्ष नसतं. थांबली, की मात्र काहीतरी बिघडलंय हे सगळ्यांना कळतं.

"म्हणजे तुझ्या काकूसारखी," मी म्हणालो.

"ऐकू आलं हं!" स्वयंपाकघरातून आवाज आला.

आता केतकीला पाच तारांची बेस हवी होती. पाचवी तार वरच्या सुराची असेल, असा माझा समज. "नाही काका, आणखी खालची!" चार तारांतली सगळ्यांत खालची सेकंदाला 41 वेळा थरथरते, ही पाचवी जेमतेम 31 वेळा. माणसाला साधारण 20 च्या खालचं ऐकूच येत नाही. आमच्या पिढीला जन्मभर 'वर चढा, वर चढा' म्हणून सांगितलं. ही मुलगी खाली उतरण्यासाठी दोन वर्षं शिकवण्या करून पैसे साठवत होती.

चाळणी लावून लावून तिनं दोन स्थळं उरवली होती. एक यामाहाची, दुसरी इबानेझची. यामाहा म्हणजे मोटारसायकल एवढंच मला माहीत. पण त्या घराण्याचा मूळ पुरुष 1887 साली एका शाळेचा बिघडलेला ऑर्गन दुरुस्त करून या धंद्यात पडला, असं कळलं. इबानेझ हे नाव एका स्पॅनिश गिटार-कारागिराचं, पण कंपनी जपानी. म्हणजे दत्तक गेलेलं घराणं. पत्रिका तर अशा जुळत होत्या, की गुरुजींनीही हात टेकावेत. दोघींची तारेची लांबी 34 इंच, दोघींना पडदे 24, किमतीत फरक नऊशे रुपयांचा.

अडचण एवढीच, की एक होती पुण्याच्या दुकानात, दुसरी मुंबईच्या. दोघांनीही शनिवारपर्यंत ठेवतो म्हणून सांगितलेलं, आणि केतकीची परीक्षा सुरू. आणि गेली असती तरी काय? पुण्यात ऐकलेला आवाज लोणावळ्याच्या चिक्कीपुढे टिकत नाही, मुंबईपर्यंत कुठला राहायला!

"आपल्या मिरजेला असं नाही," मी अभिमानानं म्हणालो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून ते मलाच मिळाल्यासारखा मी वागतो. "तिथं कारागिरापुढं बसावं, जवारी काढून घ्यावी, कान भरेपर्यंत ऐकावं, आणि मग पैसे मोजावेत."

"तुम्ही कधी घेतलाय तंबोरा?" केतकीनं विचारलं.

मी चष्मा पुसला.

खरा फरक एकच निघाला. एकीच्या तारांमधलं अंतर 16.5 मिलिमीटर, दुसरीच्या 18. दीड मिलिमीटर म्हणजे किती? शिधापत्रिकेवरच्या माझ्या नावातला काना तेवढा असेल. पण केतकी म्हणाली, "बोटांना तेवढंच पुष्कळ होतं." म्हणून मी मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा कापून दोन पट्ट्या केल्या आणि बँकेतल्या तीस वर्षांच्या सवयीनं त्यांवर मापात पाच-पाच रेघा ओढल्या. ती पुठ्ठ्यांवर बोटं नाचवायला लागली. मी लक्ष देऊन ऐकत होतो.

"काय ऐकताय?" हिनं विचारलं.

"पहिला पुठ्ठा जरा मोकळा वाटतो," मी म्हणालो.

रात्री मी तत्त्वज्ञानाचा आधार घेतला. दोन सारख्या गवताच्या पेंढ्यांमध्ये उभं राहून, कुठली खावी हे न ठरल्यामुळे उपाशी मेलेलं एक गाढव प्रसिद्ध आहे. चौदाव्या शतकातल्या बुरिदान नावाच्या फ्रेंच पंडिताच्या नावावर ते बांधलेलं आहे. त्याच्या ग्रंथांत मात्र ते सापडत नाही. एल. ए. पॉल या अमेरिकन तत्त्वज्ञ बाईंनी 2014 च्या पुस्तकात त्याहून अवघड उदाहरण घेतलं आहे. रक्तपिपासू भूत व्हावं की नाही, हे आधी ठरवता येत नाही. कारण ते असणं कसं असतं हे झाल्यावरच कळतं, आणि झाल्यावर तुमच्या आवडीनिवडीच बदललेल्या असतात. मूल होऊ द्यावं की नाही, हा प्रश्नही त्याच जातीचा, असं त्या म्हणतात. लग्नही त्यातच बसेल, असं मला वाटलं. पण भुताचं उदाहरण असल्यामुळे मी हिला ते सांगितलं नाही.

सांगितलं ते वेगळंच. सकाळी चहा पिताना केतकीला धीर द्यावा म्हणून म्हणालो, "अगं, काळजी करू नकोस. 1981 साली मी एका रविवारी दोन मुली पाहिल्या. सकाळी विट्याला एक, संध्याकाळी तासगावला तुझी काकू. मला तरी काय कळत होतं? आठ दिवस विचार केला, आणि बघ, चुकलं का काही?"

केतकी हसली. ही हसली नाही.

"आठ दिवस माझे बाबा पोस्टमनला चहा पाजत होते," ती म्हणाली. "तुम्ही 'कळवतो' म्हणून गेलात. तुम्हाला दोन होत्या. मला किती होते?"

गॅसवर दूध होतं. त्याच्याकडे मी जितकं लक्ष दिलं, तितकं आजवर दिलं नव्हतं.

"आणि त्या विट्याच्या मुलीला काय कळवलंत?"

मी काहीच कळवलं नव्हतं. तिच्या वडिलांनाही 'कळवतो' म्हणालो होतो, त्याच नम्रपणे. नकार लिहिणं जिवावर आलं, बिचारीला वाईट वाटेल, असं मी स्वतःला चाळीस वर्षांहून जास्त काळ सांगत आलो. खरं असं, की तासगावचं जमलं नाही तर, म्हणून ते दार मी थोडं किलकिलं ठेवलं होतं. आणि जमल्यावर ते बंद करायला विसरलो. माझ्या किलकिल्या दारापाशी किती दिवस कोण उभं होतं, किती पोस्टमन चहा पिऊन गेले, मला ठाऊक नाही. आता पत्र लिहावं तर त्यात समाधान फक्त माझं.

निवड चुकेल का, याचा घोर आपण फार वाहतो. वाजवून पाहिलं असतं तरी काय कळलं असतं? दुकानात पाच मिनिटं आपण वाद्य वाजवत नाही, दुकानदारापुढे स्वतःला वाजवतो. पोह्यांच्या वेळी मीही तेच केलं. वाद्य चांगलं की वाईट हे निम्मं तर पुढे आपल्याच बोटांनी ठरतं. ते आधी कळत नाही, यात पाप नाही. पण निवडायची पाळी ज्याच्याकडे असते, त्याच्याकडे दुसऱ्याचं थांबणंही असतं. ते कुणी पत्रिकेत छापत नाही.

केतकीनं शुक्रवारी ठरवलं. अठरा मिलिमीटरची. मला वाटलं, आता ती पुण्याला फोन करून पैसे भरील. तिनं आधी मुंबईला फोन लावला. "दादा, माझ्यासाठी ठेवलेली बेस मोकळी करा. मी दुसरी घेतेय. थांबलात, थँक्यू." दोन मिनिटंही लागली नाहीत. ही दारात उभी होती. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. न पाहण्यातही तिची एक पद्धत आहे.

आठवड्यानं खोकं आलं. केतकीनं तारा जुळवल्या आणि ती सगळ्यांत खालची, सव्वातीन मिलिमीटर जाडीची तार छेडली. कानाला विशेष काही आलं नाही. पण मांडणीवरच्या स्टीलच्या ताटल्या किणकिणल्या आणि माझ्या पोटात काहीतरी हललं.

"कशी आहे गं?" मी विचारलं.

"आत्ताच कसं सांगू, काका?" ती म्हणाली. "सहा महिने वाजवते. मग कळवते. नक्की."